पोलादाचा प्रतिध्वनी आणि हृदयाची झडप

भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. काम एका वाक्यात सांगायचं तर तयार झालेल्या क्रँकशाफ्टच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी चीर आहे का, ते शोधायचं. त्यासाठी आम्ही आवाज वापरायचो. पण तो माणसाच्या कानाला ऐकू येणारा नव्हे. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘श्राव्यातीत ध्वनी’ म्हणतात, आम्ही ‘अल्ट्रासॉनिक’ म्हणायचो. नग पुसून घ्यायचा, त्यावर तेलाचा हात फिरवायचा, प्रोब टेकवायचा आणि पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघायचं. तेल लागतंच, कारण प्रोब आणि पोलाद यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तर आवाज आत शिरत नाही. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने धावतो. वरच्या पृष्ठभागाचा एक उंचवटा दिसतो, तळाचा दुसरा. दोन्हींच्या मध्ये रेषा सपाट असली तर माल पास. मध्येच एखादा दात उभा राहिला तर आत काहीतरी आहे, मग नगावर लाल पट्टा.

१९९४ साली पुण्यातल्या एका रुग्णालयात अंधाऱ्या खोलीत मी माझ्या धाकट्या बहिणीच्या उशाशी उभा होतो. ती चौतीस वर्षांची होती. जिना चढताना तिला धाप लागायची आणि रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागायचं. डॉक्टरांनी तिच्या छातीवर जेल लावून प्रोब टेकवला आणि पडद्यावर प्रतिध्वनीच्या रेषा वळवळू लागल्या. मी न राहवून म्हणालो, ‘‘साहेब, हे तर आमचंच मशीन.’’ डॉक्टर हसले आणि म्हणाले, ‘‘तुमचंच आहे. जहाजाच्या कारखान्यातून आलंय ते आमच्याकडे.’’

त्या वेळी मी ते बोलणं गमतीवारी नेलं. निवृत्त झाल्यावर मात्र ते वाक्य आठवलं आणि मी त्याचा माग काढायचं ठरवलं. डॉक्टर गंमत करत नव्हते, असं त्यातून कळलं. माग काढताना माझ्याच गावाच्या आसपासची एक दुसरी गोष्टही त्यात गुंतलेली निघाली.

माल्मोच्या गोदीतलं यंत्र

स्वीडनच्या दक्षिणेला लुंड नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. १९५० च्या सुमारास तिथल्या रुग्णालयात डॉ. इंगे एडलर हृदयरुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी करत. त्यांच्यापुढचा प्रश्न नेमका होता. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. आमच्या वेळी या कप्प्यांना कर्णिका आणि जवनिका म्हणत, नातवाच्या पुस्तकात ते अलिंद आणि निलय झाले आहेत. ही झडप आजाराने आखडते आणि तिचं तोंड अरुंद होतं. अशी अरुंद झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचे दिवस नुकतेच सुरू झाले होते. पण झडप अरुंद असण्याऐवजी गळकी असेल, तर तीच शस्त्रक्रिया रोग्याचा जीव घेऊ शकत होती. छाती उघडण्याआधी झडप अरुंद आहे की गळकी, हे ओळखायचं कसं? स्टेथोस्कोप, एक्स-रे आणि हृदयात नळी घालून मोजलेला दाब यांच्यावर भिस्त होती आणि त्यातलं कुठलंच पुरेसं नव्हतं.

एडलर यांनी हा प्रश्न कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकापुढे मांडला. हर्ट्झ हे नोबेल विजेते गुस्ताव्ह हर्ट्झ यांचे चिरंजीव. ज्यांच्या नावाने आपण कंपनसंख्या मोजतो ते हाइनरिश हर्ट्झ हे गुस्ताव्ह यांचे चुलते. महायुद्धानंतर युरोपात धातूतल्या चिरा शोधणारी श्राव्यातीत यंत्रं येऊ लागली होती. अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी अशा यंत्राचं पेटंट १९४२ मध्ये मिळवलं होतं. माल्मोच्या कॉकम्स या जहाजबांधणी कारखान्यात सीमेन्सचं असं एक यंत्र होतं. हर्ट्झ तिथे गेले आणि त्यांनी ते यंत्र स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. छातीच्या भिंतीपलीकडे काहीतरी हलत असल्याचं त्यांना दिसलं. आठवडाअखेरीपुरतं ते यंत्र उसनं मिळालं. पुढे सीमेन्सनेच एक यंत्र वापरायला दिलं.

२९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचालींचा प्रतिध्वनी फिल्मवर नोंदवला. इकोकार्डिओग्राफी, म्हणजे आपण ज्याला ‘इको’ म्हणतो, तिची जन्मतारीख हीच मानतात.

तपासनीस म्हणून मला यातला पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नोंदीत एक प्रतिध्वनी विशेष वेगाने पुढेमागे होत होता. एडलर यांना वाटलं, ती डाव्या कर्णिकेची भिंत असावी. हा अंदाज चुकीचा होता आणि तो त्यांनीच दुरुस्त केला. ज्या रोग्यांची नोंद घेतली होती त्यांपैकी काही दगावले, तेव्हा ध्वनी ज्या दिशेने गेला होता त्याच दिशेने छातीत टोकदार सळई घालून, नंतर शवविच्छेदनात ती कुठे पोहोचली ते त्यांनी पाहिलं. ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीत पोहोचलेली होती. म्हणजे तो जलद प्रतिध्वनी झडपेचाच होता. निरोगी झडप झटकन बंदिस्त होते तेव्हा रेषा उताराने पडते. आखडलेल्या झडपेची रेषा जवळजवळ सपाट राहते. पडद्यावरच्या दाताचा अर्थ नग कापून पडताळल्याशिवाय धरायचा नाही, हे आम्हालाही पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

पिंपरीचं पेनिसिलिन

आता मायट्रल झडप आखडते कशाने, हे सांगायला हवं. इथे आमचं घर येतं.

आम्ही मूळचे ताथवड्याचे. आज इथे टॉवर आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. माझ्या लहानपणी नृसिंहाचं देऊळ, शेतं आणि सरकारी वळूमाता प्रक्षेत्र एवढीच ओळख होती. वडील रोज सायकलवर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला जात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना पेनिसिलिनसाठी होता. १९५५ मध्ये त्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चं. म्हणजे भोसरी-चिंचवडच्या यंत्रकारखान्यांचा पट्टा उभा राहण्याआधी पिंपरीची ओळख या औषधाने झाली होती. पुढे त्या भागाला लोक ‘एच. ए.’ एवढंच म्हणू लागले.

१९७१ मध्ये बहीण अकरा वर्षांची होती. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहत होतो. पावसाळ्यात तिचा घसा धरला, बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप चढला, गुडघे सुजले. गुडघे उतरले तर घोटे सुजले. चिंचवडच्या डॉक्टरांनी निदान केलं, रुमॅटिक ताप. घशात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू शिरतात. शरीर त्यांच्याशी लढताना गफलत करतं आणि स्वतःच्या सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर हल्ला चढवतं. सांधे पूर्ववत होतात. झडपेला सूज येऊन ती हळूहळू जाड होते, पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि तोंड माशाच्या तोंडासारखं उरतं. गर्दीची घरं, दमटपणा आणि वेळेवर न झालेले उपचार असतात तिथे हा आजार वाढतो. पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद व्हायला दोन-तीन दशकं लागत. भारतात ती विशीच्या आतच अरुंद झालेली आढळते, हे दिल्लीचे डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा घशाचा संसर्ग झाला की झडपेवर पुन्हा घाव बसतो. म्हणून दर एकवीस दिवसांनी लांबणीवर असर राहणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, वर्षानुवर्षं. पेनिसिलिनने रुमॅटिक ताप रोखता येतो, हे अमेरिकेच्या हवाई दलाच्या एका तळावर १९५० च्या सुमारास सिद्ध झालं होतं. आमच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना गोल करून ठेवले आणि दहा वर्षं एकही चुकवला नाही.

१९८१ मध्ये बहिणीचं लग्न ठरलं. मुलीला इंजेक्शनं चालू आहेत हे सासरी कळलं तर सोयरीक मोडेल, अशी धास्ती होती. वडील थकले होते, मी मिळवता होतो, बैठकीत बोलणारा मीच होतो. ‘‘आता दहा वर्षं झाली, बरीच झाली की ती,’’ असं मी म्हणालो आणि इंजेक्शनं बंद झाली. डॉक्टरांना विचारायला कोणी गेलं नाही. ज्या घरातला माणूस पेनिसिलिनच्या कारखान्यात पंचवीस वर्षं राबला, त्या घरात हे झालं. पुढच्या बिघाडातला किती वाटा त्या निर्णयाचा आणि किती आधीच झालेल्या जखमेचा, हे कुठलंही यंत्र आता सांगू शकणार नाही. मी मात्र माझ्यापुरता हिशेब सोडलेला नाही.

बोट, सुरी आणि फुगा

आखडलेली झडप उघडायची कल्पना जुनी आहे. १९२३ मध्ये बॉस्टनला इलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या हृदयात सुरी घालून झडप कापली. १९२५ मध्ये लंडनला हेन्री सूटर यांनी सुरीऐवजी बोट घातलं. सूटर यांची रोगी बरी झाली, पण त्यांच्याकडे त्यानंतर अशी रोगी कोणी पाठवली नाही. वीसेक वर्षं हा विषय तसाच पडून राहिला. १९४८ मध्ये चार महिन्यांच्या आत फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली, बॉस्टनचे ड्वाइट हार्कन आणि लंडनचे रसेल ब्रॉक या तिघांनी स्वतंत्रपणे तो पुन्हा हाती घेतला. धडधडत्या हृदयाच्या कर्णिकेला भोक पाडून, आत बोट घालून, झडपेच्या चिकटलेल्या कडा चाचपून फोडायच्या, असं ते काम होतं.

आपल्याकडे परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाने १९५० च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजवली. १९६८ च्या फेब्रुवारीत ज्यांनी हृदयारोपण केलं ते हेच सेन. त्यांच्या चमूत डॉ. जी. बी. परुळकर होते. हृदय-फुप्फुस यंत्र आल्यावर पाश्चात्त्य देशांनी बोटाची शस्त्रक्रिया सोडून दिली. आपल्याकडे ती पुढे कितीतरी वर्षं चालली, कारण ती स्वस्त होती आणि रोगी तरुण व पुष्कळ होते. या शस्त्रक्रियेत वैद्याचं बोट हेच इंद्रिय होतं. झडप किती उघडली आणि गळू लागली का, हे रक्ताची चिळकांडी बोटाच्या टोकाला कशी लागते त्यावरून त्याला समजायचं.

छाती न उघडता हेच काम करण्याची युक्ती जपानी शल्यविशारद कांजी इनोऊए यांनी काढली. १९८२ मध्ये त्यांनी ती माणसावर वापरली आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. जांघेतल्या शिरेतून एक नळी उजव्या कर्णिकेत न्यायची, दोन कर्णिकांमधल्या पातळ पडद्याला सुईने छिद्र पाडून डावीकडे जायचं आणि नळीच्या टोकाचा फुगा झडपेत बसवून फुगवायचा. हा फुगा रबराच्या दोन थरांचा असतो आणि मध्ये विणलेली जाळी असते. त्यामुळे तो आधी पुढून फुगतो, मग मागून, आणि झडपेत पक्का अडकल्यावर शेवटी कमरेत. त्या कमरेच्या दाबाने चिकटलेल्या कडा सुटतात. १९८५ मध्ये बॉस्टनचे जेम्स लॉक आणि दिल्लीचे एम. खलीलुल्ला, सावित्री श्रीवास्तव, विनय बहल यांनी आठ मुलं व तरुणांवर फुग्याने झडप उघडल्याचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे दिल्लीच्याच गोविंद बल्लभ पंत रुग्णालयाने ४,८५० रोग्यांचा अनुभव मांडला. या उपचाराच्या इतिहासात भारत प्रेक्षक म्हणून बसलेला नव्हता. रोगीही इथले होते आणि हातही इथले.

पण बोट गेलं तेव्हा स्पर्शही गेला. एक्स-रेच्या पडद्यावर नळी दिसते, फुगा दिसतो. झडपेची पाकळी दिसत नाही. बोटाची जागा भरून काढायला मग इको आला.

फुगवायचा किती?

१९५३ नंतरच्या चाळीस वर्षांत इको बराच पुढे गेला होता. एका रेषेच्या जागी हलतं चित्र आलं. जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात डॉपलर तत्त्व हृदयाला लावलं. प्रतिध्वनीच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून रक्ताचा वेग कळू लागला. नॉर्वेत होलेन आणि लिव्ह हाटले यांनी १९७० च्या दशकात वेगावरून दाब काढण्याचं सोपं सूत्र रुजवलं: वेगाचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं. रक्त झडपेतून सेकंदाला अडीच मीटर वेगाने जात असेल तर दाबातला फरक पाऱ्याचे २५ मिलिमीटर. हे बर्नुलीचं पाण्याच्या प्रवाहाचं तत्त्व आहे. हायड्रॉलिक प्रेसवर काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. १९७६ मध्ये शिकागोत ली फ्रेझिन यांनी प्रोब अन्ननलिकेत उतरवला. अन्ननलिका डाव्या कर्णिकेला चिकटून मागून जाते, त्यामुळे बरगड्या आणि फुप्फुसांतली हवा आड येत नाही. एडलर आणि हर्ट्झ यांना १९७७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळालं. त्याआधी वीस वर्षं, १९५७ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांना सर्पगंधेच्या संशोधनासाठी याच नावाचं पारितोषिक मिळालं होतं.

१९८८ मध्ये बॉस्टनच्या विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी फुग्यासाठी झडप योग्य आहे का, हे इकोवरून ठरवायला एक गुणपद्धत दिली. पाकळ्या किती हलतात, किती जाड आहेत, त्यांवर चुना किती साचला आहे आणि खालचे दोर किती आखडले आहेत, या चार बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज आठ किंवा कमी असेल तर फुगा चांगला लागू पडण्याची शक्यता अधिक. आमच्या तपासणी तक्त्याचीच ही भावंडं होती.

बहिणीची बेरीज सात आली. निरोगी झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं, तिचं ०.८ होतं. आदल्या दिवशी तिला अन्ननलिकेतला प्रोब गिळावा लागला. कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या छोट्या पिशवीत रक्ताची गुठळी असेल तर नळीच्या धक्क्याने ती सुटून मेंदूत जाऊ शकते, म्हणून ती नाही ना हे पाहायचं होतं. गुठळी नव्हती.

दुसऱ्या दिवशीचं मला नंतर डॉक्टरांनीच समजावून सांगितलं. फुग्याचा आकार उंचीवरून ठरवतात: सेंटिमीटरमधली उंची दहाने भागून त्यात दहा मिळवायचे. बहिणीची उंची १५०, म्हणजे फुगा २५ मिलिमीटरपर्यंत. पण एकदम तिथे जायचं नाही. २३ ला फुगवला, बाहेर ओढला, इकोचं मशीन गाड्यावरून पुढे आणलं, छातीवर प्रोब टेकवला. एका बाजूची कड सुटली होती, दुसरी नाही. २४ ला फुगवला. पुन्हा इको. दोन्ही कडा सुटल्या, तोंड १.६ झालं आणि रंगीत चित्रात उलट्या दिशेने जाणाऱ्या रक्ताची एक बारीक ज्योत दिसली. नळी धरणारे डॉक्टर म्हणाले, अजून एक मिलिमीटर जागा आहे. इको बघणारे डॉक्टर म्हणाले, पुरे. तिथे थांबले. त्या एका मिलिमीटरने तोंड आणखी उघडलं असतं किंवा पाकळी फाटली असती. पाकळी फाटली तर त्याच रात्री छाती उघडावी लागते.

तिसऱ्या दिवशी बहीण रुग्णालयाचा जिना स्वतः उतरली. खाली आल्यावर म्हणाली, ‘‘दादा, धाप नाही लागली.’’ पुढची तीस वर्षं तिने संसार केला. आणि या वेळी इंजेक्शनांच्या तारखा मीच माझ्या डायरीत लिहून ठेवल्या.

चिमटा आणि नवी झडप

या तीस वर्षांत झडपांच्या उपचारांचं जग बदललं. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ इथे आलां क्रिबिए यांनी महाधमनीची नवी झडप घडी घालून नळीतून नेली आणि जुन्या झडपेच्या आत उघडली. भारतात अशा प्रकारची देशी झडप २०१८ मध्ये मान्य झाली; ती वापीच्या कंपनीची. पाकळ्या गुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेल्या असतात.

गळक्या मायट्रल झडपेसाठी दुसरी युक्ती निघाली. मिलानचे शल्यविशारद ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडून गळती थांबवली. तोंडाच्या जागी दोन छोटी तोंडं झाली. हाच टाका चिमट्याच्या रूपात नळीतून घालण्याचं काम माणसावर प्रथम २००३ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकास इथे झालं. इथे इको पूर्ण वाटाड्या होतो. पडद्याला छिद्र पाडायचं ते झडपेच्या पातळीपासून चार ते साडेचार सेंटिमीटर उंचीवर. कमी झालं तर चिमट्याला वळायला जागा उरत नाही. चिमट्याचे हात कडांच्या रेषेला काटकोनात आहेत का, दोन्ही पाकळ्या त्यात आल्या का, गळती थांबली का, आणि थांबवताना तोंड फार अरुंद तर झालं नाही ना, हे सगळं अन्ननलिकेतला प्रोबच सांगतो. २००७ पासून तो त्रिमिती चित्र जागच्या जागी दाखवू लागला. शल्यविशारद कर्णिका उघडून जशी झडप पाहतो तशीच ती पडद्यावर दिसते, महाधमनी घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवून. एक डॉक्टर नळी धरतो, दुसरा चित्र धरतो. दुसऱ्याने सांगितल्याशिवाय पहिला चिमटा मिटत नाही.

२०१८ मध्ये या चिमट्याच्या दोन मोठ्या चाचण्या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत हृदय थकून फुगल्यामुळे झडप गळू लागलेले रोगी होते. फ्रान्समधल्या ३०४ रोग्यांत वर्षभरात चिमट्याचा फायदा दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ६१४ रोग्यांत दोन वर्षांत फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ४६.१ टक्के दगावले, चिमटा लावलेल्यांपैकी २९.१ टक्के. चिमटा एकच आणि उत्तरं दोन, याची अनेक कारणं चर्चेत आली. त्यांतलं एक प्रमुख कारण निवडीचं होतं: हृदय किती फुगलं आहे त्या मानाने गळती किती आहे, हे इकोवर दोन्हीकडे वेगळं होतं. हत्यार चांगलं असून भागत नाही. नग कोणता घ्यायचा हे आधी ठरायला लागतं.

लाल पट्टा

२०२४ च्या पावसाळ्यात बहिणीला पुन्हा धाप लागू लागली. ती आता चौसष्ट वर्षांची. या वेळी आम्हाला पुण्याच्या पेठांकडे जावं लागलं नाही. तपासण्या घराच्या पंचक्रोशीतच झाल्या. त्रिमिती इकोत झडप एखाद्या फुलासारखी समोर आली, आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरे ठिपके चमकत होते. तो चुना. गुणांची बेरीज अकरा. तोंड पुन्हा अरुंद आणि गळती मध्यम.

‘‘दादा, मागच्यासारखं फुग्याने नाही का होणार?’’ तिने विचारलं. मलाही तेच हवं होतं. इतकी वर्षं वाचून मी चिमटा, घडीची झडप यांची नावं पाठ केली होती. डॉक्टरांनी एकेक पर्याय चित्र दाखवून बाजूला ठेवला. कडांवर चुना असताना फुगा फुगवला तर कड सुटण्याऐवजी पाकळी फाटते. चिमटा गळक्या झडपेसाठी. आधीच अरुंद असलेली झडप त्याने आणखी अरुंद होते. घडीची झडप बसवायला भक्कम कडं लागतं, ते इथे नाही. उरली ती छाती उघडून झडप बदलण्याची शस्त्रक्रिया.

मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो. मग लक्षात आलं की चौतीस वर्षं मी हेच काम केलं. नगावर लाल पट्टा ओढला की उत्पादन खात्याचे लोक माझ्याशी हुज्जत घालायचे, ‘‘एवढ्याशा दाताने काय होतंय?’’ आणि मी सांगायचो, गाडी घाटात असताना काय होतं ते तुम्हाला बघायचंय का? त्या दिवशी हुज्जत घालणारा मी होतो आणि डॉक्टर पट्टा ओढत होते. त्यांनी ओढला ते बरं झालं. शस्त्रक्रिया झाली. दिवस जड गेले, पण ती सावरली. आता महिन्याला रक्ताची तपासणी असते आणि तिचे पाय पुन्हा देवळाच्या पायऱ्या चढतात.

हा लेख इथे संपवता आला असता, पण यंत्राचा एक उपयोग सांगायचा राहिला. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. स्टेथोस्कोपने हजारी दोन-सव्वादोन मुलांत झडपेचा रुमॅटिक आजार सापडला. इकोने कंबोडियात २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४. म्हणजे जवळपास दसपट. मग प्रश्न आला की इतक्या लवकर सापडलेल्या आजाराचं करायचं काय? युगांडातल्या ८१८ मुलांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. ज्यांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं त्यांतल्या ०.८ टक्के मुलांचा आजार दोन वर्षांत वाढला. ज्यांना मिळालं नाही त्यांतल्या ८.२ टक्के मुलांचा. माल्मोच्या गोदीतलं यंत्र आणि वडिलांच्या कारखान्यातलं औषध एका निबंधात शेजारी शेजारी वाचून मी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. भारतात कच्चं पेनिसिलिन बनवणं पुढे परवडेनासं झालं आणि देश बरीच वर्षं चीनहून येणाऱ्या मालावर विसंबला, हेही त्याच सुमारास वाचलं.

आमच्या इमारतीमागे नव्या टॉवरचं काम चालू आहे. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या ओळीने उभ्या आहेत, एका खोलीत सात-आठ माणसं. गेल्या श्रावणात रखवालदाराची नऊ-दहा वर्षांची मुलगी लंगडताना दिसली. विचारलं तर म्हणाली, आधी हा गुडघा दुखत होता, आता तो दुखतो. घसा धरला होता का, असं मी तिच्या आईला विचारलं. महापालिकेच्या रुग्णालयात नेऊन तिचा इको केला. झडपेची पाकळी जराशी जाड झाली आहे, गळती नाममात्र. इंजेक्शन सुरू झालं आहे.

त्यांच्या खोलीत कॅलेंडर टांगायला भिंत नाही, पत्रा आहे. म्हणून तारखांचे गोल आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहेत. पुढचा गोल लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी येतो. टॉवर पूर्ण झाला की हे कुटुंब दुसऱ्या साइटवर जाईल, म्हणून तिच्या आईला एक वही करून दिली आहे: तारीख, इंजेक्शन, डॉक्टरांची सही. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. लग्न ठरलं तरी.’